रंग पेनाला, थर मला

मित्रांनो, मी एक जुना हुक हाय. हसू नका. हुकाला कसलं आलंय आत्मवृत्त, असं मागच्या बाकावरच्या मंडळींना वाटणार, मला माहितीय. नदीला असतं, वडाला असतं, फाटक्या पुस्तकाला तर दर परीक्षेत असतं. आज माझं ऐका. माझी लांबी तुमच्या बोटाएवढी, तवा गोष्ट बी लई लांबणार नाय.

जन्मानं मी बादलीची कडी. गारखेड्यात एका बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली एक पत्र्याची बादली पडलेली असायची, तिची. बादलीचं बूड सडलं. बूड गेलेल्या बादलीला कोण विचारतो? भंगारवाला आला, तिला गाड्यावर टाकून निघाला, तेवढ्यात इंद्रजीतनं पक्कड लावून तिची कडी तोडून घेतली. भंगारवाला म्हणाला, साब, कडी के बगैर बाल्टी किस काम की? इंद्रजीत म्हणाला, बूड के बगैर किस काम की थी? भंगारवाल्यानं थोडा इचार केला आन गाडा ढकलत गेला. बादली गेली भंगारात, मी राहिलो वर. इंद्रजीतनं मला मधी कापलं, दोन्ही टोकं उलट-सुलट वाकवली, आन मी हुक झालो. दुखलं का? त्या टायमाला दुखायचं मला. पुढं बंद झालं. तीच तर गोष्ट हाय.

आता हा इंद्रजीत कोण? पन्नाशीला आलेला माणूस, वाळूजला एका कंपनीत टूलरूमला कामाला. आठवडाभर कंपनीसाठी धातू कापतो आन सुट्टीच्या दिवशी गच्चीवर जाऊन हौसेनं कापतो. लोक सुट्टीला सिनेमा बघतात, झोपतात, भांडतात. ह्यो पेनं बनवतो. गच्चीवर पत्र्याची शेड, शेडमधी एक छोटा लेथ, एक कॉम्प्रेसर आन घरातला एक ओव्हन. ओव्हन खरं तर त्याच्या बायकोनं, मोनिकानं, नानखटाईसाठी घेतला होता. इंद्रजीतनं एका दुपारी गुपचूप त्याच्यात एक पेन भाजून काढलं. संध्याकाळी मोनिका म्हणाली, ह्या ओव्हनला रंगाचा वास येतोय. मग तीच म्हणाली की आता हा खाण्याच्या कामाचा नाय, घेऊन जा वर आन तुम्ही बी तिथंच ऱ्हावा. तेव्हापासून ओव्हन गच्चीवर. इंद्रजीतला रात्री खाली झोपू देतात.

पेन कसं रंगतं ते सांगतो, नीट ऐका. अल्युमिनियमचा दांडा लेथवर धरायचा, आतून पोकळ करायचा, बाहेरून गोल. मग असा धुवायचा-पुसायचा की बोटाचा तेलकट डाग सुद्धा राहिला नाय पाहिजे. जिथं आटे असतात तिथं चिकटपट्टी, नाय तर आट्यात रंग बसतो आन टोपण फिरत नाय. मग तो दांडा माझ्या खालच्या टोकाला अडकवायचा आन मला वरच्या सळईला. सळईला अर्थिंगची वायर. मग हातात बंदूक. घाबरू नका, रंगाची बंदूक. तिच्यात ओला रंग नसतो, कोरडी भुकटी असते, रांगोळीपेक्षा बारीक. बंदुकीतून निघताना त्या भुकटीत करंट भरतो, आन मग ती अर्थिंगकडं पळत सुटते. अर्थिंग सळईतून माझ्यात येतं, माझ्यातून पेनात. म्हणून भुकटी जाऊन पेनाला बिलगते, पुढून, मागून, खालून. फुंकर मारली तर उडंल इतकी कच्ची. ते तसंच ओव्हनमधी भाजायचं. भुकटी वितळते, पसरते, धरते. गार झाल्यावर नखानं बी निघत नाय. ह्याला पावडर कोटिंग म्हणतात.

ह्यात माझं काम कळलं का? मी मधला. पण भुकटीला कुठं कळतं पेन कोण आन हुक कोण? ती दोघांना बसते. पेन उतरवून घेतात, पुसतात, कुणाच्या तरी खिशाला लावतात, लोक वा वा करतात. मला परत टांगतात. रंग पेनाला मिळतो, थर मला.

पहिला थर हिरवा बसला. ते पेन संघपालला गेलं. संघपाल म्हणजे इंद्रजीतचा दोस्त, तो बी वाळूजलाच, एका रंगाच्या लाइनवर. पहिल्या दिवशी मला लई मजा वाटली होती. करंट अंगातून जाताना मुंग्या यायच्या, ओव्हनची धग कडीच्या पार आतपर्यंत जायची. मग काळा बसला, मग पिवळा, मग मोटारसायकलीचा असतो तसला लाल. प्रत्येक पेनाला मुंग्या थोड्या कमी. एक दिवस ध्यानात आलं की येतच नाहीत. ओव्हन तापायचा, मला खबर नाय. थंडीत गच्चीवर टांगलेला असायचो, मला पत्ता नाय. एकदा कावळ्यानं येऊन चोच मारली, तर मला ते कावळा उडून गेल्यावर आवाजावरून कळलं. वाईट वाटलं का म्हणाल, तर वाईट वाटायला बी आतमधी कायतरी पोचावं लागतं. काय नाय वाटलं. टांगलं की टांगून घ्यायचं. भाजलं की भाजून घ्यायचं.

गंमत अशी की मी जितका बधिर होत गेलो तितकी माझी इज्जत वाढत गेली. इंद्रजीत पाहुण्यांना गच्चीवर आणायचा, पेन दाखवायच्या आधी मला दाखवायचा. माझं एक टोक थोडं टवकलेलं, तिथं सगळे थर दिसायचे, कांदा कापल्यासारखे. तो म्हणायचा, हे बघा, आजपर्यंतचं माझं प्रत्येक पेन ह्याच्यावर हाय. पाहुणे मान हलवायचे. दसऱ्याला लेथला, ओव्हनला, बंदुकीला हळद-कुंकू लागलं, आन मला बी लागलं, झेंडूचं एक फूल बी अडकवलं. त्या दिवशी इंद्रजीतनं फर्मान काढलं की ह्या हुकाला कुणी हात लावायचा नाय, खरवडायचा नाय.

संघपाल म्हणाला, अबे, आमच्या लाइनवर असला हुक दिसला तर सुपरवायझर माझ्याच डोक्यात घालंल. आम्ही हुक जाळून साफ करतो. इंद्रजीत म्हणाला, तुमची ती लाइन, माझी ही गच्ची. संघपालनं हात जोडले, मला नमस्कार केला आन झेंडूचं फूल काढून सोताच्या कानामागं खोचलं.

अशी माझी चलती चालू असताना घरात आबा आले.

आबा म्हणजे इंद्रजीतचे वडील, सूर्यभान. गाव देवगाव रंगारी. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं, पण आबांना लिहायचा नाद. तरुणपणी ते लासूर स्टेशनच्या बाजारात पोत्यांवर ब्रशानं नावं टाकायचं काम करायचे. कुणाची मका, कुणाची ज्वारी, सगळी नावं आबांच्या हातची. अक्षर असं की पोतं फाटलं तरी नाव तसंच. भावकीत लग्न निघालं की पहिली पत्रिका देवाची, साताऱ्याच्या खंडोबाची. साताऱ्याचा म्हणजे आपल्या शहराला लागून जे सातारा गाव हाय, तिथला. त्या पत्रिकेवर देवाचं नाव घरातल्या थोरल्या माणसानं लिहायचं, उजव्या हातानं. ती पत्रिका देवापुढं ठेवली की मग बाकीच्या वाटायला सुटी. तोवर एक बी पत्रिका घराबाहेर जात नाय. आजवर भावकीतल्या सगळ्या लग्नांत ते नाव आबांनीच लिहिलं.

आन आता आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पायानं काठी घेऊन चालायचे, जीभ सुधारली होती, चांगलीच सुधारली होती. पण उजवा हात. हात हलायचा, मूठ व्हायची, पण हातात काय हाय ते त्यांना कळायचं नाय. कप धरलाय असं वाटायचं आन कप खाली फुटलेला असायचा. इंद्रजीतची पोरगी श्रेया रोज त्यांच्या बोटांवर खरखरीत टॉवेल घासायची, डॉक्टरणीनं सांगितलं होतं. कळतंय का आबा, असं विचारायची. आबा म्हणायचे, हात सासरी गेलाय, निरोप धाडलाय, बघू कवा येतो.

लग्न निघालं ते श्रेयाचंच. पत्रिका छापून आल्या आन फ्रिजवर जाऊन बसल्या. आबांनी साधं पेन घेतलं, बोटातून घसरलं. जाड स्केचपेन घेतलं, गोल फिरून पडलं. मोनिकानं बालवाडीतल्या पोरांच्या पेन्सिलीला लावतात तसलं रबर आणलं. आबांनी ते बघितलं आन विचारलं, ह्याच्यासोबत पाटी बी आणली का, का नंतर आणतीस? डाव्या हातानं लिहा म्हटलं तर म्हणाले, देवाचं नाव हाय, दुधाचा हिशोब नाय.

इकडं नातेवाइकांचे फोन सुरू. पत्रिका कशी आली नाय, मोडलं-बिडलं तर नाय ना? मोनिका बिचारी कातावली. ती चुकून बोलून गेली की थोरल्या भाऊजींना बोलवू, विश्वजीत भाऊजींना, त्यांनी लिहिलं तरी चालंल.

आबा म्हणाले, "लिवू द्या की. मी मेलो का जित्ता हाय ते आधी ठरवा, मग लिवू द्या."

त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. श्रेया दारात उभी राहिली, मग बापाकडं गेली आन सांगितलं की आबांनी लिहिलं नाही तर त्या पत्रिका फ्रिजवरच राहू द्या, मला कुणालाच बोलवायचं नाही. आवाज न चढवता सांगितलं. इंद्रजीतनं ते नीट ऐकलं.

मग तो गच्चीवर आला आन त्यानं पेन करायला घेतलं. चांगलं जाड, मक्याच्या बारक्या कणसाएवढं. वजनाला हलकं. आन वरून गुळगुळीत नाय, खरखरीत रंग द्यायचं ठरलं, मशिनच्या झाकणांवर असतो तसला, वाळूच्या कागदासारखा. कळत नसलं तरी निदान घसरायचं नाय. संघपालनं त्याच्याकडं पडून असलेली तसली भुकटी एका छोट्या पिशवीत आणून दिली. एवढीच हाय बघ, जपून वापर, असं म्हणाला.

सुट्टीची सकाळ. पेन माझ्यावर टांगलं. बंदूक सुरू झाली. आन भुकटी आली, पेनाजवळ घुटमळली, आन खाली पडली. थोडी बसली, ती बी एकाच अंगाला. भाजून काढलं तर पेनाला चाई लागल्यागत टक्कल. इंद्रजीतनं बंदूक उघडून साफ केली, कॉम्प्रेसरला दोन शिव्या दिल्या, हवेत दमटपणा हाय म्हणाला. पेन परत खरवडून, धुवून टांगलं. ह्या खेपेला तर भुकटी पेनाकडं बघंना. त्यानं वैतागून पेनाला हात लावला, तर फटकन झटका बसला. करंट पेनात साचलेला, जायला वाट नाय.

वाट म्हणजे मी. माझ्यावर इतके थर की माझ्यातून आता काहीच जात नव्हतं. सळईकडून येणारं अर्थिंग माझ्या कातड्यावरच थांबायचं. मला माहीत होतं का? नाय. बधिराला आपण बधिर झालोय हे बी उशिराच कळतं.

शेजारी बसलेल्या संघपालनं हे ओळखलं होतं. तो म्हणाला की हुक बदल, साधी तार वाकवून लाव. इंद्रजीत ऐकंना. म्हणे ह्या हुकावर आजवर एक पेन वाया गेलं नाय, आन हे तर खंडोबाचं काम, पूजेच्या हुकावरच होणार. पिशवीत आता एकाच पेनापुरती भुकटी उरली होती. दोघं एकमेकांवर चिडून बसले. खालून काठीचा आवाज येत होता. श्रेयाचा खांदा धरून आबा जिना चढून आले, खुर्चीवर बसले, दम खाल्ला, आन विचारलं की कशाचं भांडण हाय. संघपालनं सगळं सांगितलं, माझ्याकडं बोट दाखवून. आबांनी मला मागून घेतलं, डाव्या हातात धरलं, उन्हात फिरवून बघितलं.

"कशाचा केलाय?"

"बादलीच्या कडीचा," इंद्रजीत म्हणाला.

"मग वरचं काढ की."

"आबा, त्याच्यावर माझी सगळी पेनं हायेत."

"पेनं लोकांच्या खिशात हायेत, येड्या. ह्याच्यावर निस्ता राडा हाय."

संघपाल हसला नाय. तो सहसा सोडत नाय, पण तेव्हा हसला नाय.  इंद्रजीतच्या मनात काय चाललं होतं ते मला सांगता येत नाय, माझ्यापर्यंत तेव्हा कायच पोचत नव्हतं. मग त्यानं खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला आन माझ्यासाठी हात पुढं केला.

आबांनी मला दिलं नाय. "मी घासतो," म्हणाले. "तशी बी ती डॉक्टरीण म्हणती, खरखरीत काय तरी बोटाला घासा."

मग डाव्या हातात मी आन उजव्या हाताच्या अंगठ्याला श्रेयानं गुंडाळून दिलेला पॉलिश पेपर. आबा घासायला लागले. मधेच पेपर पडायचा, त्यांना कळायचं नाय, ते नुसत्या अंगठ्यानंच घासत राहायचे, श्रेया परत गुंडाळून द्यायची. मधेच मी बी पडलो. तिनं मला उचलून दिलं. वरचा निळा गेला, मग राखाडी, मग लाल. लालाची भुकटी आबांच्या धोतरावर पडली. इंद्रजीत बघत होता. पिवळ्याला तो म्हणाला, हे थोरल्या वहिनींचं पेन. हिरव्याला संघपालनं खिशातलं पेन काढून बघितलं आन परत ठेवलं.

हिरवा गेला तेव्हा मला वारा लागला. थंड होता. इतकंच. बरं वाटलं म्हणावं तर तसं नाय, लागलं मात्र. पाठोपाठ पेपरचा पुढचा फटका बसला आन तो चांगलाच लागला. श्रेयानं आबांचा हात धरून थांबवला. अंगठ्याचं कातडं सोललं होतं, रक्त आलं होतं. आबांनी अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघितला, दुसऱ्या कुणाचा बघावा तसा. मग धोतराला पुसला.

पेन माझ्यावर टांगलं. पिशवी झटकून शेवटची भुकटी भरली. बंदूक सुरू झाली आन करंट माझ्या अंगातून सणसणत गेला. ते काय असतं तेच मी विसरलो होतो. भुकटी धावत आली. पुढं बसली, वळसा घालून मागं बसली, टोकाला बसली. संघपाल हळूच म्हणाला, "अब देख." इंद्रजीत एरवी अशा टायमाला शिट्टी मारतो. ह्या वेळी त्यानं गुपचूप ओव्हनचं दार लावलं. आत लई गरम होतं. मला सगळं कळत होतं, आन खरं सांगायचं तर न कळणं सोयीचं होतं.

पेन निघालं काळं, खरखरीत, एकसारखं.  मोनिका खालून एक पत्रिका, हळद-कुंकू आन पाट घेऊन आली. इंद्रजीतनं पेनात रिफिल घातली, टोपण फिरवून बघितलं, आन पेन आबांच्या उजव्या हातात दिलं. बोटं एकेक करून त्याच्याभवती बसवली आन स्वतःचा हात काढून घेतला.

पेन पडलं नाय.

आबा बाहेर, टाकीकडं कुठंतरी बघत होते. हाताकडं बघायची हिंमत होत नव्हती त्यांची. तसंच बघत त्यांनी नातीला विचारलं, "धरलंय का मी?"

"धरलंय, आबा."

"बघ नीट."

"धरलंय."

मग त्यांनी मान खाली केली आन लिहायला लागले. हाताला जोर किती लागतोय ते कळत नव्हतं, तवा पेन कागदात रुतत होतं. 'श्री' मोठा झाला, पार वरच्या कडेला भिडला. 'खं' वाकडा. 'डो' ला कागद फाटला. श्रेया दुसरी पत्रिका आणते म्हणाली, तर आबांनी डाव्या हातानं तिला बसवलं. 'बा' चा काना ओढायला लई वेळ लागला, तो खाली खाली जात लग्नाच्या तारखेपर्यंत गेला. लासूरच्या बाजारात असं नाव टाकलं असतं तर व्यापाऱ्यानं पोतं परत पाठवलं असतं. आबांनी लांब धरून बघितलं.

"देव काय मार्क देतो का," ते म्हणाले. "जा, ठिऊन या. आन येताना त्या इचारणाऱ्या बायांना फोन करा, म्हणावं मोडलं नाय."

इंद्रजीत आन मोनिका ती पत्रिका घेऊन साताऱ्याला गेले. संध्याकाळी फ्रिज मोकळा झाला.

तर मित्रांनो, माझं सांगणं थोडं हाय. आपल्या हाताखालची वस्तू पूजा करून टांगून ठेवू नका. तिला घासा, पुसा, खरवडा. आन तुमच्या घरात कुणाला काही कळेनासं झालं असंल, तर त्याच्या हातचं काम काढून दुसऱ्याला देऊ नका. त्याच्या हाताला बसंल असं पेन करा. वेळ लागतो. लागू द्या.

श्रेया आता सासरी हाय. इंद्रजीत पेनं करतोच, आन प्रत्येक पेन झालं की मला आबांच्या पुढ्यात ठेवतो. आबा गच्चीवर खुर्ची टाकून बसतात, अंगठ्याला पॉलिश पेपर गुंडाळतात आन मला घासतात. त्यांच्या हाताला अजून काही कळत नाय. किती जोरात घासतोय ते बी त्यांना कळत नाय. मला कळतं. मी बोलत नाय.